रायबंदर ते पाटो, पायी

देवस्थानच्या नोटिशीतला एक ‘नाही’
माझ्या डोळ्यांखालून निसटला.
थकबाकीदार महाजनांना मतदान करता येणार,
आणि पुढे थेट पूर्णविराम.
सभेला सगळे थकबाकीदार हजर, इस्त्रीच्या सदऱ्यांत,
छापील कागद हातात धरून.
छापखान्याचे मालक रोहिदासबाब मला काही बोलले नाहीत,
फक्त चष्म्याचं चांगलं दुकान कुठे आहे ते सांगितलं.

डोळे ठीक होते. डॉक्टरीण म्हणाली,
डोळे अक्षरावर असतात, तुम्ही नसता.
एकवीस वर्षं मुद्रितं तपासून
माझी पाठ खुर्चीची झाली होती,
आणि दुपारी दोनच्या बाजारात न खपलेल्या बांगड्यासारखं
डोकं.

तर मी बस सोडली.
फेरीच्या धक्क्यापासून पाटोपर्यंत जुना बांध आहे,
उजवीकडे मांडवी, डावीकडे मिठागरं,
मध्ये मी, आणि अंगाला घासून जाणाऱ्या मोटारी.
पहिले पंधरा दिवस नुसती धाप.
धापेत हिशेब: गॅस, मुलाचा हप्ता,
नणंदेला काय बोलले, काय बोलायला हवं होतं.
अर्ध्या बांधावर थांबून
कठड्याला पोटऱ्या चोळत उभी राहायची,
कॅसिनोच्या बोटी रात्रभर जागून पेंगत असायच्या समोर.

मग एका बुधवारी लक्षात आलं
की मघापासून मी कुणाशीच भांडले नाही.
पाय पडत होते. एक ढोक चिखलात उभा होता,
त्याच्या चोचीखाली पाणी हललं
आणि मला ते हललेलं दिसलं.
एवढंच.

भाची फोनवर सांगते, मावशी,
चाललं की मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त जास्त मिळतं,
लक्ष म्हणे तिथंच राहतं.
असेल. मी तिथं जाऊन पाहिलेलं नाही.
मी पाहते ते साडेनऊचं टेबल:
आग्नेल मूळ प्रत मोठ्यानं वाचतो,
मी कागदावर बोट ठेवते,
आणि ‘शि’ला ‘शी’ चिकटून बसत नाही,
प्रत्येक अक्षर आपापल्या पायावर उभं असतं
मतदानाच्या रांगेतल्यासारखं.

मिठागरात पाणी घेतात, अडवतात, उन्हावर सोडतात
आणि एक दिवस तळाशी खडे दिसू लागतात.
उपमा बरी आहे.
मिठगावड्यांच्या पुंडलीकला सांगितली असती तर तो म्हणाला असता,
बाये, आधी बांध फुटतो तो बुजव.

खरं सांगायचं तर ते फार टिकत नाही.
जेवणानंतर धुकं परत येतं.
मी एका वहीत मांडून ठेवलंय, आपल्यापुरतं:
बसने गेले त्या दिवशी माझ्या नजरेतून सुटलेल्या
आणि आग्नेलने धरलेल्या चुका सात, सहा, आठ.
चालत गेले त्या दिवशी तीन, दोन, चार.
एका चालल्या दिवशी अकरा.
त्या रात्री आई इस्पितळात होती.
पायांना सगळं जमत नाही.

यंदा देवस्थानची नोटीस पुन्हा आली.
‘नाही’ जागच्या जागी होता.
तरी मी त्याच्यावर बोट ठेवून तीनदा वाचला,
जसा फळीवरून जाताना
पाय टेकवून पाहतात.

सकाळी पुंडलीक मिठागराच्या बांधावरून ओरडतो,
रोजचंच, फावडं खांद्यावर,
‘बाये, आजय बस चुकली?’
चुकली, मी म्हणते.
ही चूक मी समासात काढत नाही.